पर्याय दिला, चार दिवस चालला, मग पुन्हा तेच: ऑटिझम असलेल्या मुलाच्या उड्या, गिरक्या आणि डोलणं

आधी लक्षणं.

मूल ओट्यावरून, पलंगावरून, उभ्या बैलबंडीवरून सारखं उडी मारतं, आणि टाचा जोरात आपटतील अशीच मारतं. एका जागी गरगर फिरतं, तरी चक्कर म्हणून येत नाही. बसलं की डोलतं, पाठ भिंतीवर आपटतं. दार उघडं दिसलं की धूम ठोकतं. शर्टाची कॉलर, पेनाचं टोपण, स्वतःचं मनगट चावतं. तुम्ही त्याऐवजी काहीतरी दिलंत, चेंडू म्हणा, झोका म्हणा. चार दिवस बरे गेले आणि पाचव्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. नाहीतर एक सवय गेली आणि तिच्या जागी दुसरी, जास्त वाईट, येऊन बसली.

ही शेवटची दोन लक्षणं जुळत असतील तर पुढे वाचा. मुलगी असो, मोठा माणूस असो, तपासायचा क्रम तोच.

मी डॉक्टर नाही, थेरपिस्ट नाही. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. माझा मुलगा गोलू चौदा वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे, बोलणं मोजक्या शब्दांत. हा बिघाड मी आमच्या घरी सात-आठ वेळा दुरुस्त केला आणि दुकानावर येणाऱ्यांच्या ओळखीने आजूबाजूच्या पाच-सहा घरांतही. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, “मोटर जळली, काढाले चाला.” मी आधी फ्यूज पाहतो, मग स्टार्टर, मग केबल. विहिरीतून मोटर काढायला चार माणसं आणि अर्धा दिवस जातो, म्हणून ती शेवटी. मुलांच्या बाबतीत मात्र लोक पहिल्याच दिवशी मोटर काढतात: ट्रॅम्पोलिन मागवतात, नाहीतर थेट नागपूरची गाडी करतात.

पहिली तपासणी: थांबवायचंच आहे का? (खर्च शून्य)

त्या हालचालीने त्याला इजा होते का? दुसऱ्याला होते का? जेवण, झोप, शिकणं अडतं का? तिन्हींचं उत्तर नाही असेल तर तिला हात लावू नका.

हे मी अक्कल विकत घेऊन शिकलो. गोलू सहा वर्षांचा असताना आनंद झाला की हात फडफडवायचा. एका लग्नात कोणीतरी म्हणालं, “पोट्टं काऊन असं करते बाप्पा?” त्या दिवसापासून आम्ही त्याचे हात धरायला लागलो. वर्षभर धरले. फडफडणं कमी झालं आणि तो मनगट चावायला लागला. डाग अजून आहे. हात फडफडवून कोणाचं काहीही बिघडत नव्हतं, आम्हाला फक्त लाज वाटत होती.

लोड वाढला की स्टार्टर ट्रिप होतो, म्हणजे मोटर वाचवायला आपोआप बंद पडतो. म्हणून कोणी ट्रिपची सोय तारेने बांधून ठेवत नाही. ठेवणारे असतात, त्यांच्याच मोटरी माझ्याकडे येतात. बऱ्याच ऑटिस्टिक माणसांना डोलण्याने, फडफडण्याने आतला ताण सोसवतो. २०१९ साली ब्रिटनमध्ये संशोधकांनी ऑटिस्टिक प्रौढांना याबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनीही हेच सांगितलं: या हालचालींनी सावरायला मदत होते आणि त्या बंद पाडणारे उपचार आम्हाला नकोत.

म्हणजे पर्याय शोधायचा तो फक्त धोक्याच्या सवयींना: उंचावरून उडी, डोकं आपटणं, चावा, रस्त्याकडे किंवा विहिरीकडे धावणं.

दुसरी तपासणी: अंगात काही दुखतं का? (खर्च शून्य, फार तर टॉर्च)

सवय दोन-चार दिवसांत अचानक वाढली असेल तर पर्याय शोधत बसू नका, आधी शरीर पाहा. दात, कान, पोट, घसा, पायातला काटा. शौचाला कधी झाली? रात्री झोप किती लागली? जंताची गोळी कधी दिली होती? मोठ्या मुलीची पाळी जवळ आली आहे का?

न बोलणारं मूल “दाढ दुखते” असं सांगत नाही, ते गालावर बुक्क्या मारून घेतं. गोलूने तीन आठवडे जबड्यावर मूठ मारून घेतली. आम्ही उश्या दिल्या, चावायला रबर दिलं, ओरडलोही. शेवटी त्याच्या आजीने टॉर्च धरून तोंडात पाहिलं: मागच्या दाढेला तुरीचा दाणा बसेल एवढा खड्डा. दाढ निघाली, मूठ थांबली.

आपल्याकडे यात उन्हाळाही धरा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि यातल्या कित्येक मुलांना तहान लागल्याचं नीट कळत नाही. दर तासाला पाणी पुढे करा आणि मग पाहा सवय तेवढीच राहते का. शेतीच्या पंपाची थ्री फेज वीज रात्रीची असली की बाप वावरात, घरात ये-जा, दिवे चालू, पोराची झोप मोडलेली. त्या आठवड्यात आमच्याकडे उड्या ठरलेल्या.

तिसरी तपासणी: सात दिवसांची वही (खर्च दहा रुपये)

सगळ्यांना हीच पायरी टाळायची असते. रकाने पाचच: किती वाजता, कुठे, आधी काय झालं, किती वेळ चाललं, नंतर कसा होता. रोज तीन ओळी लिहिल्या तरी पुरे.

वहीमुळे एक फार मोठा फरक कळतो. मूल काहीतरी *मिळवायला* हलतंय की काहीतरी *टाळायला*? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. दिग्रसकडच्या एका घरी मुलगी रोज संध्याकाळी घरभर धावायची आणि भिंतीवर आदळायची. त्यांनी झोका बांधला, काही उपयोग झाला नाही. आईने आठवडाभर वही लिहिली, तर वेळ रोज सव्वासहाची. शेजारची पिठाची गिरणी सहाला सुरू व्हायची. मुलीला धावायचं नव्हतं, तिला त्या आवाजातून सुटायचं होतं. ग्राइंडर चालवताना कारागीर घालतात ते कान झाकायचे मफ हार्डवेअरच्या दुकानात तीन-चारशेला मिळाले आणि गिरणीच्या वेळी मागच्या खोलीत बसायचं ठरलं. धावणं निम्म्याच्या खाली आलं. मफ मात्र दिवसभर घालून ठेवू नका. गरजेपुरतेच.

वही सात दिवसांची हवी, दोन दिवसांची नको. बाजाराचा दिवस, शाळेची सुट्टी, पाहुणे, सगळं त्यात यायला पाहिजे.

चौथी तपासणी: भूक कशाची आणि दिलंय काय? (खर्च शून्य ते शंभर)

बहुतेक घरांत बिघाड इथेच सापडतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपल्याला पाच इंद्रियं शिकवलेली असतात. हालचालीला लागणाऱ्या आणखी दोन जाणिवा आहेत. एक तोलाची. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, डोकं फिरलं की त्यातला द्रव हलतो आणि मेंदूला कळतं डोकं कुठे वळलं. दुसरी स्नायूंची आणि सांध्यांची. डोळे मिटूनही हात कुठे आहे, किती जोर लावलाय, हे तिच्यामुळे कळतं. ए. जीन आयर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणारे ते) १९७०च्या आसपास मुलांच्या अडचणी या जाणिवांशी जोडून दाखवल्या. २०१३ पासून डॉक्टरांच्या निदानाच्या निकषांतही संवेदना फार जास्त किंवा फार कमी जाणवणं, किंवा ती शोधत राहणं, हे ऑटिझमचं एक लक्षण म्हणून आलं आहे.

आता जोड लावा. उडी मारून टाच आपटणारा, भिंतीला धडकणारा, चावणारा, लोंबकळणारा: याची भूक बहुधा सांध्यांच्या दाबाची. गिरक्या घेणारा, डोकं खाली करून पाहणारा, डोलणारा: याची तोलाची. पुष्कळांना दोन्ही लागतात.

लोक काय करतात? ओट्यावरून उडी मारणाऱ्या पोराच्या हातात दाबायचा स्पंजचा चेंडू देतात. पाच एचपीच्या विहिरीवर अर्ध्या एचपीची मोटर! दोन दिवस नव्याची नवलाई, मग पोरगं परत ओट्यावर.

दाबाच्या भुकेला जोराचं काम लागतं, आणि खेड्यात त्याची ददात नाही. शहरातले लोक पैसे मोजून जे करतात ते आपल्या दारात पडलेलं आहे:

हापशी मारणं. माझ्या मते याच्याइतकं चांगलं काही नाही. दोन्ही हात, खांदे, पाठ, सगळ्यांवर भार येतो, ताल मिळतो आणि पाणीही येतं. गोलू रोज सकाळी पन्नास हात मारतो, मोजून.

रिकामी हातगाडी ढकलणं, चुंगडीत थोडी ढेप घालून गोठ्यापर्यंत ओढत नेणं, ओल्या चादरी पिळणं, कणीक तिंबणं, पाट्यावर चटणी वाटणं. ओझं उचलायचं असेल तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागाच्या वर नको. २०२० च्या दप्तर धोरणात शाळेच्या दप्तराला हीच मर्यादा आहे, मी तीच धरतो.

तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी वर्षभर फळीवर ठेवू नका. लहान मुलासाठी तो खाली काढा, मागे टोपली बांधा, टोपलीत दोन-तीन विटा ठेवा आणि ओढू द्या. एका घरी हा पर्याय दीड वर्ष टिकला, कारण पोराला तो खेळ वाटत होता आणि गल्लीतली बाकी पोरंही मागे लागली होती.

चावणाऱ्याला कडक खायला द्या: भाकरीचा कडक पापुद्रा, गाजर, काकडी, चांगला गिळता येत असेल तर फुटाणे. लहान मुलाला आणि घास न चावता गिळणाऱ्याला फुटाणे-शेंगदाणे नकोत, घशात अडकतात.

तोलाच्या भुकेला बंगई, म्हणजे झोपाळा. पुढे-मागे संथ झोका घेतल्याने बहुतेक मुलं शांत होतात, गरगर फिरण्याने चेकाळतात. फिरायचंच असेल तर त्याचं त्याने फिरावं, मऊ जमिनीवर, दोन्ही दिशांना. दुसऱ्याने त्याला कधीच फिरवू नये. चक्कर येत नाही म्हणजे त्रास होत नाही असं नाही. चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, मळमळलं की तिथेच बंद. फिट येणाऱ्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही नको. बंगईनंतर पाच मिनिटं जोराचं काम दिलं की पोरगं जमिनीवर येतं, हा माझा अनुभव.

एक गोष्ट मुद्दाम नको म्हणतो: घरात साठवलेल्या कापसाच्या ढिगावर उड्या. आपण सगळ्यांनी लहानपणी मारल्या आहेत. पण ढिगात तोंड दबून श्वास कोंडू शकतो, मार्चनंतर त्या कापसाने अंगाला खाज सुटते ती वेगळी, आणि खाजवणारं मूल दुप्पट हलतं. जुन्या गाद्या एकावर एक टाका, त्यावर उडू द्या.

आवळून धरल्यावर शांत होणारी मुलंही असतात. टेम्पल ग्रँडिन या अमेरिकेतल्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक स्वतः ऑटिस्टिक आहेत. तरुणपणी त्यांनी पाहिलं की लस टोचायला सापळ्यात दोन्ही बाजूंनी दाबून धरलेली काही गुरं शांत होतात. त्यावरून त्यांनी स्वतःसाठी तसंच दाबायचं यंत्र बनवलं. आमच्या बाबांना हे सांगितलं तर लगेच म्हणाले, “म्हणजे गुरांच्या दवाखान्यातला खोडाच की!” त्यांनी गोलूला गोधडीत गुंडाळायला सुरुवात केली. पण ग्रँडिन यांच्या यंत्राचा दांडा त्यांच्या स्वतःच्या हातात होता. तेवढंच लक्षात ठेवा: तोंड बाहेर, गाठ नाही, आणि त्याला वाटेल तेव्हा स्वतः सुटता आलं पाहिजे. वजनदार पांघरूण विकत घ्यायची घाई नको. ब्रिटनमध्ये २०१४ साली ऑटिस्टिक मुलांवर ते तपासलं गेलं, झोप काही वाढली नाही. मुलांना आणि आईबापांना ते आवडलं, एवढंच.

पाचवी तपासणी: वेळ (खर्च शून्य, शिस्त भरपूर)

वस्तू बरोबर, पण वेळ चुकली. उडी मारून झाल्यावर आपण हापशीवर नेतो. त्याने उडीची भूक भागत नाही. उलट पोरगं शिकतं की उडी मारली की हापशी मिळते. वहीत उड्या साडेचारला दिसत असतील तर काम सव्वाचारला पाहिजे. आमच्याकडे सकाळी शाळेआधी, शाळेतून आल्या आल्या आणि झोपेच्या तासभर आधी, दर वेळी दहा मिनिटं. एकदाच तासभर करून घेतलं तर ते दिवसभर पुरत नाही. एप्रिल ते जून सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतरच, मधल्या वेळेत सावलीतली कामं.

सहावी तपासणी: जिथे लागतं तिथे मिळतं का, आणि मागता येतं का?

घरी बंगई, पण शाळेत बाक. शाळेत पाच तास कोंडलेलं घरी येऊन फुटतं. मास्तरांना “याले सेन्सरी प्रॉब्लेम आहे” म्हटलं तर ते मान हलवतात, करत काहीच नाहीत. त्यांना काम मागा. पाण्याची बादली आणणं, फळा पुसणं, वह्यांचा गठ्ठा दुसऱ्या वर्गात नेणं, तेही दर तासाला एकदा. एका शाळेने आधी नाही म्हटलं, “पोरांकडून काम करून घेतलं अशी तक्रार होईल.” बापाने लेखी अर्ज दिला आणि प्रश्न मिटला.

मागण्यासाठी चित्र करा. मी हापशीचा फोटो काढून झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घेतला, तीस रुपये. तो दाराला टांगला आहे. गोलू तो आणून हातात देतो. पहिले दोन महिने मी त्याचा हात धरून फोटो उचलायला लावला, तिसऱ्या महिन्यात त्याचा त्याने आणला. त्या दिवशी रात्री अकरा वाजले होते. गेलो.

मोठ्या माणसाबाबत एक वेगळी अडचण. नेरजवळचा एक चोवीस वर्षांचा तरुण डोलतो, त्याला घरच्यांनी लहान मुलांचा झोका आणला. तो त्यावर बसला नाही, बसेल कसा? त्याला मोबाइलवर लिहिता येतं. त्यालाच विचारलं. त्याने लिहिलं: खताच्या गोण्या. आता तो गोदामात दोन तास हमालांसोबत थप्पी लावतो, आणि घरी डोलतो तेव्हा त्याला कोणी अडवत नाही.

सातवी तपासणी: बांधकाम (खर्च पाचशे ते तीन हजार)

वरचं सगळं झाल्यावरच. बंगई टांगायची तर टिनाच्या छपराच्या पाइपाला नको, स्लॅबच्या कडीला किंवा कडुनिंबाच्या जाड हिरव्या फांदीला. शेवग्याला चुकूनही नको, ते लाकूड काडकन मोडतं. फळी जमिनीपासून फूटभरच वर, खाली वाळू. आधी दोन मोठी माणसं बसून पाहा. मी हुशारी करून जुन्या मोटरची बेअरिंग लावून फिरता झोका केला होता. ती बेअरिंग आडव्या भाराची, उभी ओढ तिला झेपत नाही. पंधरा दिवसांत निखळली. नशीब, वर मीच बसलो होतो. साडीची झोळी तर अजिबात नको, मानेला पीळ बसून मुलं दगावली आहेत.

धावणाऱ्या मुलाच्या घरी मात्र याच्या आधीचा खर्च विहिरीवरच्या जाळीचा. या मुलांना पाण्याची ओढ असते आणि बुडण्याचा धोका फार मोठा असतो. मूल दिसेनासं झालं तर आधी रस्ता नाही, आधी विहीर, शेततळं, कालवा पाहा.

इथे थांबा, जाणकाराला गाठा

रक्त येईल इतकं चावणं, डोकं आपटून सूज किंवा जखम होणं. डोक्याला मार लागून उलटी झाली किंवा गुंगी आली, तर थांबू नका, १०८.

हालचाल चालू असताना हाक मारली, हात लावला तरी भान येत नाही, नजर एका जागी, अंग ताठ किंवा झटके, कपड्यात लघवी: ही फिट असू शकते. ऑटिझममध्ये फिट येण्याचं प्रमाण जास्त आहे. मोबाइलवर चित्रण करा, डॉक्टरांना त्याचा खूप उपयोग होतो. झटके पाच मिनिटांहून जास्त चालले तर १०८.

येत असलेले शब्द किंवा कामं विसरायला लागणं. माती, दोरे, प्लास्टिक खाणं. सतत चवड्यावर चालून टाच जमिनीला टेकेनाशी होणं. रागाचं किंवा झोपेचं नवीन औषध सुरू झाल्यावर बसवेनासं होणं. काही औषधांनी तसं होतं. गोळी स्वतः बंद करू नका, पण त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आणि पोराला आवरायला दोन माणसं लागत असतील, किंवा तुमचा हात उठायला लागला असेल, तरीही. टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा नंबर आईबापांसाठीही आहे, मराठीत बोलतात.

कुठे जायचं: शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. आशाताईंना विचारा, पथकाची तारीख त्यांना माहीत असते. ऑक्युपेशनल थेरपीसाठी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात वेगळा विभाग आहे. जाताना सात दिवसांची वही न्या. आमची वही पाहून तिथल्या मॅडमनी पहिल्या वीस मिनिटांत जे सांगितलं, ते आधीच्या तीन फेऱ्यांत कोणी सांगितलं नव्हतं. २०१६ च्या कायद्यात ऑटिझम दिव्यांगत्वात धरला आहे, तेव्हा प्रमाणपत्राचं काम त्याच फेरीत उरका. ‘निरामय’ या दिव्यांगांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, त्यात थेरपीही धरतात.

परवापासून आमच्याकडे पुन्हा उड्या सुरू आहेत, पलंगावरून, टाचा आपटून. दात पाहिले, ठीक आहेत. वही उघडली तर पहिल्याच ओळीत सापडलं: गावची हापशी सोमवारपासून बंद, आतला वॉशर गेलाय. फोटो घेऊन गोलू दाराशी उभा राहतो आणि मी त्याला कोरडा दांडा दाखवायला नेतो. दुरुस्तीवाला गुरुवारी येतो म्हणाला आहे. तोपर्यंत ढेपेची चुंगडी गोठ्यात नेतोय आणि तीच परत आणतोय.